बंद तक्रारीखाली आलेली उत्तरं

‘धन्यवाद’ हा शब्द मला नकोसा झालाय असं म्हटलं की घरातले हसतात. हसू देत. अंबडच्या आमच्या कारखान्यात एका माणसाने अख्ख्या प्लँटला धन्यवाद म्हणायची सवय लावली, आणि ती सवय त्याच्याच अंगाशी आली. हे होताना मी शेजारच्या टेबलावर बसले होते. नुसती बसले असते तरी बरं झालं असतं.

त्या माणसाचं नाव नाना खैरनार. मूळचे सटाण्याकडचे. वीसेक वर्षं नाशकात काढूनही ‘आहे’ऐवजी तोंडात येणारं अहिराणी ‘शे’ काही गेलं नव्हतं. मी शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमारास त्या कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात लागले, तेव्हा नाना दाराजवळच्या टेबलावर काळा फोन आणि एक जाडजूड रजिस्टर घेऊन बसलेले असायचे. प्लँटमध्ये कुठेही कॉम्प्युटर अडला, प्रिंटर रुसला, की लोक नानांना फोन लावत. नाना पायातल्या चपला टेबलाखाली सोडून, एक पाय खुर्चीवर घेऊन फोन उचलत आणि म्हणत, “हां, काय शे?”

आमचे मॅनेजर दातार साहेब. त्यांना हे अजिबात आवडायचं नाही. कंपनीत परदेशी पाहुणे येतात, फोन असा उचलतात का, ‘गुड मॉर्निंग, हेल्पडेस्क’ म्हणा, असं त्यांनी नानांना बजावलं. नानांनी दोन दिवस इमानेइतबारे तसं म्हटलं. पण लोकांना वाटायचं राँग नंबर लागला, ते फोन ठेवून द्यायचे. तिसऱ्या दिवसापासून नाना म्हणू लागले, “गुड मॉर्निंग, काय शे?” दातारांनी कपाळाला हात लावला आणि नाद सोडला.

बुटकी मूर्ती, शर्ट बाहेर, खिशाला हिरवं पेन. हिरवंच का, तर लाल रागाचं आणि निळं सगळ्यांचं. डब्यात बाजरीची भाकरी आणि असा ठेचा की नुसत्या वासाने माझ्या डोळ्यांतून पाणी. माझा डबा उघडला की डोकावून विचारायचे, “गायधनीताई, तुमच्या भाजीला ताप आलाय का? तोंडाची चव गेलेली दिसते.” मी काही कमी फटकळ नाही, मीही ऐकवायची. पण ठेचा मागून घ्यायचीच.

त्यांच्या रजिस्टरात एक गंमत होती. तक्रार कुणाची, कधीची, काय झालं, कोण गेलं, सगळं लिहिलेलं असे, आणि शेवटचा रकाना रिकामा. माणूस जाऊन मशीन सुरू करून आला तरी नाना त्यात खूण करत नसत. ज्याचं अडलं होतं त्याने स्वतः फोन करून ‘झालं’ म्हटलं, की मगच हिरवी खूण. एकदा मी वैतागून म्हटलं, अहो नाना, मी स्वतः जाऊन केबल बदलून आले, चालू झालंय, टाका ना खूण. तर म्हणाले, “तुम्ही केलं, ताई. झालं की नाही ते तो सांगेल. त्याचं अडलं व्हतं, तुमचं नाही.” हट्टी माणूस. प्रत्येकाला फोन ठेवताना सांगायचे, झालं की कळवा. नाही कळवलं तर जेवणानंतर शतपावली म्हणून त्याच्या टेबलापर्यंत जाऊन यायचे. लोकांना सवय लागली. काम झालं की फोन यायचा, नाना, झालं बरं का, धन्यवाद.

पुढे दोन हजार सालाच्या आसपास प्लँटभर ईमेल आली. फोन कमी झाले, मेल वाढल्या. मला वाटलं नाना आता मागे पडतील. कुठलं काय. ते मेल ओठ हलवत वाचायचे, पुटपुटत, पोथी वाचावी तशा. आणि मेलवरून माणूस ओळखायचे. स्टोअरमधले एकजण सगळं मोठ्या अक्षरांत लिहायचे, दातारांना वाटायचं ते भांडतायत. नाना म्हणाले, भांडत नाहीत, त्यांच्या कीबोर्डचं एक बटण अडकलंय, बदलून द्या. एका बाईंची सवय अशी की सगळी तक्रार विषयाच्या ओळीत, आत कोरं. दुसरा एकजण आत पानभर लिहायचा, पण खरं दुखणं शेवटच्या ओळीत. नाना त्याची मेल खालूनच वाचायला सुरुवात करत.

आणखी एक सवय सगळ्या प्लँटला होती. नवी मेल कुणी लिहीतच नसे. आमच्या हेल्पडेस्कचा पत्ता होता लांबलचक, तो टाईप कोण करणार? मग लोक नानांची कुठली तरी जुनी मेल शोधायचे आणि तिलाच उत्तर द्यायचे. विषयात लिहिलेलं असायचं ‘दुसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर’, आणि आत मजकूर असायचा की स्क्रीन काळी पडलीय. हा घोळ प्रत्येकाच्या मेलमध्ये. नानांना तो तोंडपाठ होता. कुणाची ‘उत्तर द्यायची मेल’ कुठली, हेही त्यांना माहीत असे.

एकदा टूलरूममधल्या शेख चाचांकडून एक मेल आली. विषय नाही, मजकूर नाही, नुसती रिकामी. मी ती काढून टाकणार होते. नानांनी माझा हात थांबवला. म्हणाले, रिकामी मेल कुणी उगाच पाठवत नाही. चपला घातल्या आणि उन्हात टूलरूमपर्यंत चालत गेले. चाचांचा कीबोर्ड पार मेला होता, एक अक्षर उमटत नव्हतं. माऊस तेवढा चालत होता. त्यांनी नानांची जुनी मेल उघडून, उत्तराचं बटण दाबून, तशीच कोरी पाठवून दिली होती. चाचा आम्हाला पुढे कितीतरी दिवस सांगायचे, नाना येणार हे पक्कं ठाऊक होतं. नाना त्यावर फार खूष असत.

मग हेड ऑफिसने सॉफ्टवेअर घेतलं.

ते बसवायचं काम माझ्याकडे आलं, आणि खोटं कशाला बोलू, मी हुरळून गेले होते. मेल आली की ते आपण होऊन उचलायचं, तिला क्रमांक द्यायचं, कुणाकडे पाठवायची ते ठरवायचं, आणि पाठवणाऱ्याला तिथल्या तिथे उत्तर धाडायचं, की आपला संदेश मिळाला, आपला क्रमांक अमुक. पुन्हा त्याच क्रमांकाचं उत्तर आलं तर ते त्याच तक्रारीखाली नीट चिकटवून ठेवायचं. रिकामी मेल आली तर टाकून द्यायचं. मी नानांना मोठ्या हौसेने सगळं दाखवलं. त्यांनी ते उत्तर दोनदा ओठ हलवत वाचलं आणि विचारलं, हे कोणी वाचायच्या आधीच ‘मिळालं’ म्हणून सांगतंय का? मी म्हटलं, हो, मग? त्यात काय? मेल पोचली एवढंच सांगतंय. नाना म्हणाले, माणसाला वाटंल कुणीतरी वाचलं. मी हसले. मला तेव्हा प्रत्येक गोष्टीवर हसू यायचं.

पहिल्याच महिन्यात सॉफ्टवेअरने इंगा दाखवला. परचेसचे एक साहेब बहिणीच्या लग्नाला गेले आणि जाताना आपल्या मेलवर ‘मी रजेवर आहे’ असं आपोआप जाणारं उत्तर लावून गेले. त्यांच्या जुन्या तक्रारीबद्दल आमच्या सॉफ्टवेअरने त्यांना काही कळवलं. त्यांची मेल म्हणाली, मी रजेवर आहे. त्या आपोआप उत्तरात क्रमांक नसायचा, म्हणून सॉफ्टवेअरला वाटलं नवी तक्रार, त्याने क्रमांक दिला आणि कळवलं, संदेश मिळाला. तिकडून परत, मी रजेवर आहे. शनिवार-रविवार हे दोघं एकमेकांशी बोलत बसले. सोमवारी येऊन बघते तर शेकडो तक्रारी, सगळ्या एकाच माणसाच्या, आणि तो तिकडे पंगतीत जिलबी वाढतोय. नाना पोट धरून हसले. मी घाईघाईने नियम घातला, आपोआप येणारी उत्तरं घ्यायचीच नाहीत. नियम घालणं किती सोपं असतं ते मला त्या दिवशी कळलं. एका चौकटीत खूण केली की झालं.

दुसरं संकट आलं ते नानांच्या शिकवणुकीतून. तक्रार सुटली की आम्ही ती बंद करायचो. बंद झाल्याची मेल गेली की तिकडून उत्तर यायचं, झालं नाना, धन्यवाद. आणि उत्तर आलं की सॉफ्टवेअर ती बंद केलेली तक्रार पुन्हा उघडायचं. त्याला काय कळतंय धन्यवाद म्हणजे काय? त्याच्या लेखी माणूस अजून बोलतोय म्हणजे अजून अडलंय. परत बंद करा, परत धन्यवाद, परत उघडी. दर शुक्रवारी हेड ऑफिसला पडून राहिलेल्या तक्रारींचा तक्ता जायचा, आणि सगळ्या प्लँटांत आमचा तक्ता सगळ्यात लांब. दातारांना फोनवरून झापलं गेलं. ते आमच्या टेबलापाशी येऊन म्हणाले, काय वाटेल ते करा, पण हे धन्यवाद थांबवा.

लोकांना धन्यवाद म्हणू नका असं सांगणं नानांच्या जिवावर आलं. वर्षानुवर्षं तेच तर शिकवलं होतं. मग मी सुचवलं की सॉफ्टवेअरमध्ये एक चौकट आहे. तिथे खूण केली की बंद तक्रारीला कितीही उत्तरं आली तरी ती उघडणार नाही. उत्तर तिच्याखाली जमा होईल, पाठवणाऱ्याला ‘संदेश मिळाला’ जाईल, पण आपल्या यादीत काही वर येणार नाही.

नाना म्हणाले, “आणि उत्तरात धन्यवाद नसून दुसरंच काही असलं तर?”

मी म्हटलं, कुठे जात नाही नाना, तक्रारीखालीच असतं, उघडून बघितलं की दिसतं. ते म्हणाले, मग मी रोज उघडून बघीन. आणि मी खूण केली. इतकंच. बटण मी दाबलं आणि हो त्यांनी म्हटलं. पुढे मी हे कितीदा तरी वेगवेगळ्या तऱ्हेने स्वतःला सांगून बघितलंय, पण ते असंच झालं.

नाना खरंच रोज बघायचे. सुटायच्या आधी तासभर, बंद झालेल्या तक्रारी एकेक उघडायचे, खाली आलेली उत्तरं वाचायचे. धन्यवाद, धन्यवाद, थँक्यू, धन्यवाद नाना, आणि मध्येच एखादं, प्रिंटर ठीक, पण आता स्क्रीन गेली. ते एखादं सापडलं की मला बोटाने दाखवायचे, काही न बोलता. मी नजर चुकवायची.

आता अलकाबद्दल सांगायला हवं. अलका निकम पॅकिंगमध्ये कंत्राटावर होती. तिशीची, नवरा घरी पडून, दोन मुली शाळेत. कंत्राटी माणसांना गेटवर कार्ड दाखवावं लागे, यंत्राने ते वाचलं की हजेरी लागायची. पावसाळ्यात एकदा तिचं कार्ड चालेनासं झालं. तिच्या सुपरवायझरने आपल्या मेलवरून तक्रार टाकली. नाना स्वतः गेटवर गेले, कार्ड बदलून दिलं. ती त्यांच्याच गावाकडची निघाली, मग काय, दोघांच्या आपल्या भाषेत गप्पा. निघताना नानांनी तिला सांगितलं होतं, परत अडलं तर सुपरवायझरला म्हणावं ह्याच मेलला उत्तर टाक, नवी लिहीत बसू नको, मी वाचतो. मी तिथेच होते. तेव्हा ती चौकट अजून कोरी होती.

दिवाळीनंतर नानांना तीन आठवड्यांसाठी कंपनीच्या सिन्नरच्या युनिटला धाडलं. काम काय, तर तिथल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर नंबराची पट्टी चिकटवायची. जाताना ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, ताई, बंद तक्रारी तेवढ्या बघत जा. मी म्हटलं, काळजीच करू नका.

पहिले दोन दिवस बघितल्या. सगळे धन्यवाद. तिसऱ्या दिवशी माझ्या मुलीला ताप होता, लवकर निघाले. चौथ्या दिवशी काहीतरी दुसरं. मग राहिलंच. तुम्ही म्हणाल असं होतं माणसाकडून. होतं ना. म्हणूनच सांगतेय.

त्या तीन आठवड्यांत अलकाचं कार्ड पुन्हा बंद पडलं. गेटवरचा वॉचमन ओळखीचा, तो तिचं नाव वहीत लिहून आत सोडायचा. ती दिवसभर काम करून घरी जायची. पण हजेरीच्या कॉम्प्युटरला वही थोडीच दिसते? त्याच्या लेखी बाई रोज गैरहजर. ओळीने ठरावीक दिवस गैरहजर राहिलं की कंत्राटी माणसाचं नाव गेटच्या यादीतून आपोआप उडायचं. तसं ते उडालं. एका सकाळी वॉचमनने तिला सांगितलं, ताई, यादीत नाव नाही, आत सोडलं तर माझी नोकरी जाईल.

नाना सिन्नरहून परतले त्या दिवशी मी स्कूटी लावत होते. गेटबाहेर अलका डबा हातात घेऊन उभी होती. चार दिवस रोज येऊन उभी राहत होती म्हणे. कंत्राटी माणसांना ऑफिसच्या इमारतीत सोडत नसत, त्यामुळे वर येणं तिच्या हातात नव्हतं. नाना रिक्षातून उतरले आणि सवयीने म्हणाले, काय शे वो अलका, बाहेर का उभी? तिने सगळं सांगितलं. नानांनी विचारलं, मला मेल का नाही टाकली?

“टाकली ना नाना. पाच बार टाकली. दर बारीला मिळालं म्हणून उत्तर येत व्हतं. मंग म्हटलं, तुम्ही बघतच असाल.”

नाना माझ्याकडे बघतील असं वाटलं. बघितलं नाही. सरळ वर गेले, खुर्चीत बसले, चपला न काढता. ती पावसाळ्यातली बंद तक्रार उघडली. तिच्याखाली पाच उत्तरं होती, सुपरवायझरने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेली. कार्ड परत चालत नाही. कार्ड बघा. वहीत नाव लिहितात, हजेरी लागते का ते कळवा. कृपया लवकर. नानांचे ओठ हलत होते. पाचव्या मेलमध्ये तीनच शब्द होते, नाना आहेत का.

मी पाणी आणून दिलं, मुलीच्या तापाचं कसंबसं सांगितलं; पाणी तिथेच राहिलं. मला वाटलं आता बोलतील, शिव्या देतील. दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

पुढचे आठ दिवस नाना वणवण फिरले. गेटवरून वहीच्या पानांच्या झेरॉक्स आणल्या. अलका कामावर होती याचा पुरावा त्यात रोजच्या रोज होता. पर्सोनेलमध्ये गेले, ते म्हणाले कंत्राटी माणूस आमचा नव्हे. कंत्राटदाराकडे गेले, तो म्हणाला यादी कंपनीची, मी काय करू? आणि तिच्या जागी आता दुसरी बाई घेतलीय, तिला काढू का? नाना पॅकिंगमध्ये त्या दुसऱ्या बाईला बघून आले. ती पोटुशी होती, नवी होती, मान खाली घालून खोके बांधत होती. ते परत येऊन एवढंच म्हणाले, तिला कसं काढा म्हणू? त्यानंतर त्यांच्या बोलण्यातला जोर गेला.

शेवटी दातारांच्या केबिनमध्ये बैठक झाली. दातार वाईट माणूस नव्हे, पण त्यांना तक्ता भरायचा होता. त्यांनी पडद्यावर ती तक्रार काढली आणि म्हणाले, नोंदीप्रमाणे ही बंद आहे, सुटलेली आहे, हेड ऑफिसला मी काय सांगू? बंद तक्रारी बघायची जबाबदारी त्या दिवसांत कुणाची होती? मी नानांच्या शेजारी बसले होते.

“माझी,” नाना म्हणाले. “तिला त्याच मेलला उत्तर टाक असं मीच सांगितलं व्हतं.”

मी गप्प बसले. माझं घर, माझी नोकरी, मुलीची शाळा, सगळं त्या दोन मिनिटांत डोक्यातून फिरून गेलं आणि मी गप्प बसले. बाहेर आल्यावर नानांचा हात धरून काहीतरी बोलायला गेले, तर ते म्हणाले, जाऊ द्या ताई, मुलीला परत ताप नाही ना आला?

त्यानंतर नानांनी एक सुरू केलं. दर सोमवारी सकाळी आल्या आल्या ते हेल्पडेस्कला स्वतःच एक मेल लिहायचे. उत्तर नाही, नवी, पूर्ण पत्ता टाईप करून. अलका निकम हिचं नाव गेटच्या यादीत परत घ्यावं. सॉफ्टवेअर तिला क्रमांक द्यायचं, नानांना कळवायचं की संदेश मिळाला. शेजारच्या टेबलावर ती माझ्या यादीत उगवायची. दातारांनी मला सांगून ठेवलं होतं, आपल्या विभागाचा विषय नाही असं लिहून बंद करा. मी बंद करायची. पुढच्या सोमवारी नवी. आम्ही दिवसभर एकाच खोलीत बसायचो, एकमेकांच्या डब्यातलं खायचो आणि याबद्दल चकार शब्द काढायचो नाही. एकदाच न राहवून मी म्हटलं, नाना, आता पुरे करा, काही होणार नाही. ते म्हणाले, तिने झालं म्हटलेलं नाही अजून.

वर्षभराने हेड ऑफिसने सगळ्या प्लँटांचा हेल्पडेस्क बाहेरच्या एका कंपनीकडे सोपवला, दूर कुठल्याशा शहरात. सॉफ्टवेअर नियमांसकट तेच राहिलं, मेल मात्र थेट तिकडे जायला लागल्या. दाराजवळचं टेबल रिकामं झालं. नानांना मुदतीआधी निवृत्ती घ्यायला लावली. मला दुसऱ्या विभागात, उत्पादनाच्या आकडेवारीकडे टाकलं. हेल्पडेस्कच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये शिरायची माझी सोय त्याच दिवशी संपली. निरोपाला नानांना नारळ आणि शाल दिली, दातार दोन शब्द बोलले. नानांनी आभार मानले नाहीत. मला ते दिसलं, बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

नंतर दोनेक वर्षांनी, एका शनिवारी, मी पंचवटीत माहेरी चालले होते. बाजारातून मेथी घेतली आणि मुलीच्या कॉलेजचा एक फॉर्म छापून घ्यायला एका सायबर कॅफेत शिरले. लाकडी फळ्यांची खुराडी, प्रत्येकात एक कॉम्प्युटर, वर घरघरणारा पंखा. तिसऱ्या खुराड्याखाली चपला काढून ठेवलेल्या दिसल्या. मी ओळखल्या.

नाना खूप वाळले होते. पाठमोरे बसून, एका बोटाने टाईप करत होते. मी मागून हाक मारली. वळून मला बघितलं आणि चेहरा असा उजळला की मला पळून जावंसं वाटलं. “काय शे, ताई?”

मी घरचं विचारलं, तब्येतीचं विचारलं. अलकाचं मी विचारणार नव्हते, त्यांनीच सांगितलं. इंदिरानगरमध्ये पाच घरची धुणीभांडी करते. मोठीची शाळा सुटली, ती आईबरोबर जाते. नवरा गेला. इंदिरानगर म्हणजे मी राहते तेच. कुठल्या गल्लीत ते मी विचारलं नाही.

पडद्यावर मेल उघडी होती. वर आमच्या हेल्पडेस्कचा लांबलचक पत्ता, न चुकता टाईप केलेला, आणि खाली तेच, अलका निकम हिचं नाव. नाना म्हणाले, दर शनिवारी येतो, सोमवारी तिकडे पहिल्यांदा हीच दिसावी म्हणून. बाहेरच्या पत्त्यावरून आलेल्या मेलचं तिकडे काय होतं ते मला ठाऊक होतं. क्रमांक मिळतो, ‘संदेश मिळाला’ जातो, आणि कंपनीच्या यादीतला माणूस नाही म्हणून ती त्याच क्षणी आपोआप बंद होते. तो नियमही पूर्वी मीच घालून ठेवलेला होता. नानांना त्याची कल्पना नव्हती.

“मिळालं म्हणून उत्तर येतं,” नाना म्हणाले. मग चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. “पण ताई, तिकडे वाचतं का कुणी?”

मला खरं सांगता आलं असतं. तेवढ्यासाठी तरी देवाने मला तिथे नेलं असेल. पण त्या चेहऱ्याकडे बघून माझी जीभ वळली नाही.

“मी वाचते, नाना.”

“बंद झाली तरी उघडून बघता?”

“हो. रोज.”

त्यांनी मोठा श्वास सोडला. बरीच वर्षं डोक्यावर घेतलेलं काही खाली ठेवावं तसा. म्हणाले, मग हे बरं झालं, आता बोटं दुखतात, दर वेळी एवढा पत्ता टाईप होत नाही. तुम्ही वाचताच म्हटल्यावर नवी कशाला लिहायची? त्याच मेलला उत्तर टाकत जातो.

मी मान हलवली. ते पडद्याकडे वळले, अर्धी लिहिलेली मेल पुसून टाकली, मागची एक उघडली आणि उत्तराचं बटण दाबलं. मी फॉर्म न छापताच निघाले. दारातून वळून बघितलं तर नाना पडद्याजवळ वाकले होते, एक बोट बटणं शोधत होतं आणि ओठ हलत होते. पुटपुटणं दारापर्यंत ऐकू आलं; पहिल्या ओळीत त्यांनी मलाच लिहायला घेतलं होतं, गायधनीताई, धन्यवाद.